विविधतेचे अहवाल कुणाला मोजत नाहीत?

प्रसारण उद्योगाचा विविधता अहवाल, म्हणजे तिथं कुठल्या गटातली किती माणसं काम करतात याचा हिशेब, आला की बातमी होते ती एकूण टक्केवारीची. मी आधी 'माहिती दिली नाही' हा रकाना बघते. त्यात मोठा आकडा असला, तर बाकीच्या टक्क्यांवर फार विसंबता येत नाही.

ब्रिटनमध्ये २००३च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनुसार २०पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या प्रसारकांना नोकरीत समान संधीची व्यवस्था करावी लागते. त्यांच्याकडून ऑफकॉम ही नियामक संस्था आकडे मागवते आणि २०१७पासून अहवाल काढते. कायदा लिंग, वंश आणि अपंगत्व यांचीच नावं घेतो. ही माहिती शेवटी माणसानं स्वतः द्यायची असते. एखाद्या संकलकाला कमी ऐकू येतं, दोन महिन्यांनी त्याचं कंत्राट संपणार आहे. त्यानं त्या चौकटीत खूण का करावी? पुढचं काम जाईल ही भीती खोटी आहे, असं त्याला कोण सांगणार? हे भय जोवर आहे, तोवर रकाना रिकामाच राहणार, आणि त्यासाठी त्या माणसाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. कार्यक्रम बनवणारे बरेच जण वाहिनीच्या पगारपत्रकावर नसतातच. काम निर्मिती संस्थेकडे जातं, ती काही आठवड्यांसाठी फ्रीलान्सर गोळा करते. छायाचित्रक, ध्वनिमुद्रक, रंगभूषाकार, सहायक दिग्दर्शक: कर्मचाऱ्यांच्या गणनेत यांतलं कुणीच येत नाही. ही उणीव भरायला तिथल्या मोठ्या प्रसारकांनी २०१६मध्ये 'डायमंड' ही यंत्रणा उभी केली. ती कार्यक्रमागणिक काम करणाऱ्यांनाच विचारते. प्रतिसाद कमी, हे तिचं जुनं दुखणं. तरी तिच्यामुळेच पडद्यामागच्या दिव्यांगांचं प्रमाण अवघं ४.५ टक्के असल्याचं उघड झालं. ते २०२०पर्यंत ९ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. ते झालं नाही. पण आकडा समोर होता, म्हणून निदान जाब विचारता आला.

स्ट्रीमिंगवर असं बंधन फारसं नाही. नेटफ्लिक्सनं २०२१मध्ये आपला पहिला समावेशकता अहवाल काढला, तो स्वतःहून. चांगलंच केलं. पण स्वतःहून सुरू केलेलं कंपनी उद्या स्वतःहून थांबवूही शकते.

कायद्याचा आधारही डळमळू शकतो, हे अमेरिकेत दिसलं. तिथली नियामक संस्था, एफसीसी, '३९५-बी' या फॉर्मवर रेडिओ-टीव्ही केंद्रांकडून वंश, लिंग आणि पदश्रेणीनुसार कर्मचाऱ्यांची संख्या घेत असे. न्यायालयीन निकालांनंतर २००१मध्ये ते थांबलं. २०२४मध्ये एफसीसीनं फॉर्म परत आणला, आणि आकडे केंद्राच्या नावानिशी जाहीर करायचं ठरवलं. प्रसारक संघटना न्यायालयात गेल्या. मे २०२५मध्ये अपील न्यायालयानं आदेश रद्द केला: ही माहिती सक्तीनं मागायचा अधिकारच एफसीसीला नाही. खरा वाद नावानिशी जाहीर करण्यावर होता, असं माझं मत आहे. साऱ्या उद्योगाच्या सरासरीनं कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. आपल्या गावच्या केंद्रात बातम्या कोण निवडतं, हे प्रेक्षकाला त्या फॉर्मवरून कळलं असतं. आता ते कळणार नाही.