बुलेटचं टायमिंग: खुणा जुळल्या म्हणजे झालं का?

मंडळी, रविवारची राइड सोडून तुम्ही ठाण्यात नौपाड्यात येऊन बसलात, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. बाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या. जुन्या जावा-येझदी आणि राजदूतवाल्यांना आज सुट्टी. टू-स्ट्रोकला उघडझाप करणारे व्हॉल्व्हच नाहीत, ते ढकलून उघडणारा कॅमही नाही. आज बोलायचंय ते टायमिंगबद्दल, व्हॉल्व्ह कधी उघडतात नि मिटतात त्याबद्दल. तेही पुशरॉडवाल्या (कॅमची हालचाल लांब दांड्यांनी व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या) फोर-स्ट्रोकचं, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा कास्ट आयर्नची ३५० बुलेट. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी.

तक्रार ठरलेली असते. गाडी चालू होते, आयडलिंगही बरं आहे, पण घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर दम टाकते. कार्ब्युरेटर बदलून झाला, प्लग बदलून झाला, ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट घासून झाले. मेकॅनिक म्हणतो, ‘टायमिंगच्या खुणा मी स्वतः जुळवल्यात, तिकडे बघूच नका.’ मी म्हणतो, आधी तिकडेच बघा. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा दात्यांच्या चाकांवरच्या त्या खुणा खऱ्या होत्या. पण इतक्या वर्षांत क्रँकवरचं छोटं दात्यांचं चाक, पिनियन, बदललेलं असतं, एखादा कॅम दुसऱ्याच इंजिनातून आलेला असतो, बाजारात मिळालेल्या चाकावर खूण कुणी मारली याचा पत्ता नसतो. शिवाय बुलेटला इनलेटचा कॅम वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा. एक बरोबर आणि दुसरा एक दाता चुकलेला, असंही होतं. समजा क्रँकच्या पिनियनला २० दाते आहेत. एक दाता चुकला की क्रँकवर १८ अंशांचा फरक पडला. इनलेट इतका उशिरा मिटला, तर आत घेतलेली हवा वर येणारा पिस्टन पुन्हा कार्ब्युरेटरकडे ढकलतो. कमी आरपीएमला ताकद जाते ती इथे. कॉम्प्रेशन गेजही कमी दाखवतो, आणि लोक रिंगा बदलत बसतात.

मोजायचं तर आधी खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, सापडला पाहिजे. इथेच सगळे घाई करतात. प्लगच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून ‘वर आला, थांबला’ म्हणतात. झोपाळा टोकाला पोचल्यावर जसा थांबल्यासारखा वाटतो, तसा पिस्टनही वाटतो. या इंजिनात टीडीसीपासून क्रँक पाच अंश फिरला तरी पिस्टन पाव मिलिमीटरही खाली उतरत नाही. डोळ्याला किंवा बोटाला ते कसं कळणार?

म्हणून हा स्टॉपर. जुना प्लग घ्या, आतली चिनी माती फोडून काढा, त्यात बोल्ट पक्का बसवा आणि त्याचं टोक गोल घासा. डावीकडचं प्रायमरीचं कव्हर काढून क्रँकच्या टोकाला अंशांची डिस्क लावा, एका जाड तारेचा काटा करा. गाडी मेन स्टँडवर, चौथा गियर, आणि मागचं चाक हाताने, अगदी हळू. स्टॉपर आत असताना किकला पाय लावायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. पिस्टन स्टॉपरला टेकला की आकडा वाचा. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, पुन्हा वाचा. समजा एका बाजूला शून्यापासून ३८ आले, दुसऱ्या बाजूला ४४. खरा टीडीसी दोन्हींच्या बरोबर मध्ये आहे. काटा तीन अंश सरकवा, दोन्हीकडे ४१ आले पाहिजेत. आले, की काट्याला हात लावायचा नाही. स्टॉपर काढून ठेवा.

आता डायल गेज, बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं मापक. वागळे इस्टेटमधले कित्येक कारखाने बंद होऊन तिथे ऑफिसं आली, पण टूलरूमवाले अजून आहेत, त्यांच्याकडून उसनं मिळतं. प्लंजरवालं मागा, १० मिमी चालीचं. लिव्हरवालं डायल दिसायला देखणं, पण त्याची चाल मिलिमीटरभरही नसते. इथे ते कुचकामी. रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्या दांड्याचं) कव्हर काढून प्लंजर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या कॉलरला टेकवा, आणि व्हॉल्व्हच्या दांडीला समांतर. पंधरा अंश कललं तर व्हॉल्व्हच्या आठ मिलिमीटर लिफ्टमध्ये (उचलीत) पाव मिलिमीटरहून जास्त चूक येते, आणि तुम्ही विनाकारण कॅमला दोष देता.

व्हॉल्व्ह कधी उघडला हे नेमकं पकडायला जाऊ नका. कॅमची सुरुवातीची चढण इतकी मंद असते की टॅपेटच्या (कॅम आणि पुशरॉडमधल्या तुकड्याच्या) जराशा फरकाने आकडा कितीतरी अंश हलतो. त्यापेक्षा व्हॉल्व्ह १ मिमी उघडतो तेव्हाचा अंश लिहा, आणि बसताना १ मिमी उरतो तेव्हाचा लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे कॅमचं शिखर. समजा, इनलेटला टीडीसीनंतर १० आणि बीडीसीनंतर (पिस्टनच्या सगळ्यात खालच्या टोकानंतर) २० अंश आले. बीडीसीनंतर २० म्हणजे टीडीसीनंतर २००. १० आणि २०० यांचा मध्य १०५. हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. मॅन्युअलमध्ये नुसते उघडण्या-मिटण्याचे अंश दिले असतील तर त्यांचाही मध्य असाच काढा. चाक नेहमी एकाच दिशेने फिरवा. अंश पुढे गेला तर बराच मागे जाऊन पुन्हा या, नाहीतर दात्यांमधला खेळ तुमच्या आकड्यात शिरतो.

लिफ्टचा आकडा याच फेरीत मिळतो. कमी आला तर लगेच कॅम विकत आणू नका. आधी पुशरॉडच्या टोकाशी डायल लावा. तिथे चाल पुरेशी, पण व्हॉल्व्हवर कमी, तर रॉकरचं बुश किंवा टॅपेटची ढिलाई. तिथेच कमी, तर कॅमचं नाक किंवा टॅपेटचा पाय झिजलाय. वरचा कडक थर गेला की पुढची झीज झपाट्याने होते. मोजण्याआधी टॅपेट मात्र नीट लावा: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले), पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. ‘टॅपेट वाजतात म्हणजे बुलेट’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

मागे बसलेले एक गृहस्थ विचारतायत की एका दात्याला १८ अंश, पण माझी चूक पाचच अंशांची असेल तर? दाता बदलून ती सुटणार नाही, उलट तेरा अंशांची होईल. पिनियन बसवणारी ऑफसेट (किंचित सरकवलेली) चावी करून घेता येते, चांगला टर्नर लागतो. रोजच्या गाडीला तीन-चार अंशांसाठी मी इंजिन उघडणार नाही. डिस्क मात्र लगेच काढू नका. टीडीसी सापडलाच आहे, तर पॉइंटचं टायमिंगही तिच्यावरच तपासून घ्या, मग कव्हर लावा.