रक्त आलं म्हणून ब्रश ठेवू नका

नमस्कार श्रोतेहो. चूळ भरली आणि बेसिनमध्ये पाणी लालसर दिसलं, की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. त्या बाजूला ब्रश लावायचाच नाही. मग नेमकी तीच बाजू घाण राहते आणि हिरडी आणखी सुजते. म्हणून आधीच सांगते, रक्त येतं म्हणून घासणं थांबवायचं नाही. मऊ ब्रश, हलका हात, पण घासायचंच.

डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड ल्यो यांनी सहकाऱ्यांबरोबर १२ धडधाकट माणसांना मुद्दाम दात घासणं बंद करायला लावलं होतं. १९६५ साली ते प्रसिद्ध झालं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. सुरुवातीची सूज अशी परतवता येते. आतलं हाड झिजलं, की ते मात्र परत येत नाही.

आता आमच्या सातारकडच्या एका आजींची गोष्ट सांगते. दाढ दुखते म्हणून सुनेबरोबर माझ्या दातांच्या दवाखान्यात आल्या होत्या. तोंड उघडलं, तर दात मशेरीने काळेभोर, मुळं उघडी पडलेली, दोन दाढा बोटाने हलत होत्या. हिरड्या मात्र फिक्या आणि घट्ट. मी विचारलं, "आजी, रक्त येतं का?" तर म्हणाल्या, "एक थेंब न्हाई. मशेरी लावती न्हवं मी! लगीन झाल्यापास्नं लावती."

त्यांना वाटे, मशेरीने हिरड्या राखल्या. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे लाली दिसत नाही, रक्त येत नाही, आणि आत हाड गुपचूप झिजत राहतं. एक्स-रे काढून दाखवला, पण त्यांच्यावर काडीचा परिणाम नाही. "म्हातारपणी दात जायचंच," म्हणाल्या.

मग सून हळूच बोलली, "आत्याबाई, परवा पोरगी तुमच्या डबीत बोट घालत हुती." पोरगी म्हणजे आजींची नात, अजून दुधाचे दात न पडलेली. आजी गप्प झाल्या. जाताना डबी सुनेच्या हातात दिली.

काही आठवड्यांनी दवाखान्याच्या दारातूनच आवाज आला, "कुठं हाय ती डाक्टरीण?" बाहेर पाच-सहा पेशंट बसलेले, त्यांच्यासमोर माझी हजेरी घेतली. "तू मशेरी सोडाय लावलीस आन् रगत याया लागलं! जल्मात आलं न्हवतं!" मला हसू आवरेना. "माझं रगत निघतंय आन् तू हसतीस व्हय गं?"

पण मला खरंच बरं वाटलं होतं. तंबाखू सुटली, की दबलेली सूज उघडी पडते, तिथला रक्तपुरवठा सुधारतो आणि काही दिवस रक्त जास्त दिसतं. आजींना तेवढंच समजावलं, दोन-तीन बैठकींत हिरड्यांच्या खालपर्यंत साफसफाई केली, आणि रक्त थांबलं. हलणाऱ्या दोन दाढा काढाव्या लागल्या, बाकीच्या टिकल्या. त्या डबीत हल्ली बडीशेप असते. मलाही चिमूटभर मिळते.

म्हणून तंबाखू, मशेरी, गुटखा किंवा बिडी-सिगारेट असेल, तर रक्त येत नाही यावर भरवसा ठेवू नका. पुन्हा सांगते, भरवसा ठेवू नका.

वेळ कमी उरलाय, म्हणून भराभर सांगते. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं घासा, आणि रात्रीचं चुकवू नका. मालिकांमधल्या बायका दागिने घालून झोपतात, पण दात घासताना कधी कुणी दिसलीय? जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट काढतात, तीही खपासाठी. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पुरते. ब्रशचे केस दात आणि हिरडी मिळतात तिथं तिरके टेकवा, करवतीसारखं खसाखसा ओढू नका. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू विसरू नका. तिथंच लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथं धरतं. एकदा घट्ट झालेलं कीटण ब्रशने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावं लागतं.

स्केलिंगने, म्हणजे असं कीटण काढल्याने, दात हलायला लागतात, असं अजूनही ऐकायला मिळतं. दात आधीच हलत असतो, कीटणाने तो धरून ठेवलेला असतो.

मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्या तपासून घ्यायलाच हव्यात. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात, तेव्हाही ब्रश चालूच ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांना दिवस गेल्याचं आधी सांगा. रक्तदाबाच्या किंवा फिट्सच्या काही गोळ्यांनी हिरड्या फुगतात. तसं वाटलं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांनाच विचारा. नमस्कार.