छोट्या कॉलेजात घडलेला खेळाडू मोठं कॉलेज कसं नेतं? अमेरिकन बास्केटबॉलचं ‘ट्रान्सफर पोर्टल’

नमस्कार मंडळी! आज सुरुवात एका सामन्याच्या शेवटापासून करूया.

7 एप्रिल 2025. टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ, अलामोडोम. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची फायनल. फ्लोरिडा 65, ह्यूस्टन 63. चेंडू ह्यूस्टनकडे आणि सेकंद संपत आलेत. ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प तीन गुणांच्या रेषेबाहेरून उडी घेतो आणि त्याच क्षणी फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन ज्युनियर हात उंचावून त्याच्यावर झेपावतो. शार्प हवेत आहे. शॉट मारला तर अडवला जाणार. चेंडू हातात ठेवून खाली उतरला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे नियमभंग, आणि चेंडू समोरच्या संघाला. तो चेंडू सोडून देतो. चेंडू टप्पे खातोय आणि शार्प शेजारी उभा राहून नुसता बघतोय, कारण आधी त्याचाच हात लागला तरी ट्रॅव्हलिंग! फ्लोरिडाचा ॲलेक्स कॉन्डन चेंडूवर झडप घालतो आणि सामना संपतो.

क्लेटनच्या नावावर त्या रात्री पहिल्या हाफमध्ये एकही गुण नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये त्यानं 11 केले. त्याआधी सेमीफायनलला ऑबर्नविरुद्ध 34. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

पण क्लेटन फ्लोरिडाच्या कॉलेजात घडलेला नव्हता. आधीची दोन वर्षं तो न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, न्यू रोशेलमधल्या आयोना नावाच्या छोट्या कॉलेजात खेळला. फायनलमध्ये फ्लोरिडाकडून सर्वांत जास्त, म्हणजे 18 गुण करणारा विल रिचर्ड नॅशव्हिलच्या बेलमाँटमधून आलेला. तिसरा खेळाडू अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून. तिघंही छोट्या ठिकाणांहून आले आणि तिघांचीही त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडायच्या प्रक्रियेत, निवड झाली.

पूर्वी हे इतकं सहज होत नव्हतं. कॉलेज बदललं की एक आख्खा हंगाम बाहेर बसायचं. सराव करायचा, पण सामना खेळायचा नाही. दुसऱ्या कॉलेजशी बोलायचं तरी आधी आपल्या कॉलेजची परवानगी लागायची. कोचला मात्र असलं कसलंच बंधन नव्हतं. चांगली ऑफर आली की तो निघाला. ज्याच्या शब्दावर मुलानं ते कॉलेज निवडलं तोच गेला आणि मुलगा तिथेच अडकला. हा नियम अन्यायाचाच होता.

ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. पोर्टल म्हणजे नावांची एक यादी. खेळाडूनं लेखी सांगितलं की दोन कामकाजाच्या दिवसांत कॉलेजला त्याचं नाव त्यात टाकावंच लागतं आणि मग कुठलाही कोच त्याला फोन करू शकतो. 2021 मध्ये एकदा बदली करून लगेच खेळायची मुभा मिळाली. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायलाही परवानगी मिळाली. 2024 मध्ये अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्या तर कितीही वेळा बदली करता येऊ लागली. आणि 1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका कॉलेजला सगळ्या खेळांचे मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. छोट्या कॉलेजांचं काम नाही ते.

आता जरा जर्सी सिटीला जाऊया. आपली किती मराठी मंडळी तिथं राहतात! जर्नल स्क्वेअरजवळच्या इंडिया स्क्वेअरला तुम्ही भाजी, किराणा घ्यायला गेला असाल. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, केनेडी बुलेव्हार्डवर, सेंट पीटर्स युनिव्हर्सिटी आहे. त्यांच्या संघाचं नाव पीकॉक्स. होय, मोर! मार्च 2022 मध्ये या मोरांनी आठ वेळच्या विजेत्या केंटकीला ओव्हरटाइममध्ये 85-79 असं हरवलं. मग मरे स्टेट, मग पर्ड्यू. 15वं, म्हणजे तळाजवळचं मानांकन असलेला संघ शेवटच्या आठांत पोचायची ती पहिलीच वेळ. पुढे नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना थांबवलं.

आणि काही दिवसांत कोच शहीन हॉलोवे सीटन हॉल या दुसऱ्या कॉलेजला गेले. खेळाडू के. सी. एनडेफो त्यांच्यामागे गेला. डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, मॅथ्यू ली मिझुरी स्टेटला. ज्या पोरांची नावं अख्ख्या देशाला पाठ झाली होती, त्यातली बहुतेक पुढच्या हंगामात तिथं नव्हती. मला हे आठवलं की आजही गलबलून येतं.

खेळाडूंचं सगळं भलंच होतं असंही नाही. पोर्टलमध्ये नाव गेलं की जुन्या कॉलेजवर पुढच्या सत्रापासून स्कॉलरशिप चालू ठेवायचं बंधन राहत नाही. नवीन कॉलेज आधीच्या अभ्यासाची सगळी क्रेडिट्स धरेलच असं नाही, मग डिग्री लांबते. क्लेटन आपल्याला दिसतो, कारण तो जिंकला.

2025 च्या स्पर्धेत शेवटचे सोळाही संघ चारच मोठ्या कॉन्फरन्समधले, म्हणजे कॉलेजांच्या गटांमधले होते. एकही सेंट पीटर्स नाही. याचं एकमेव कारण पोर्टल आहे असं मी म्हणणार नाही, पण मोठं कारण तेच आहे असं मला वाटतं. आयोनात तयार झालेला खेळाडू आयोनाविरुद्धच उभा राहणार असेल, तर आयोनानं जिंकायचं कसं?

माझं मत सांगतो. मुलांना पुन्हा बांधून ठेवू नका. क्लेटन फ्लोरिडातल्याच लेक वेल्सचा, तो घरच्या राज्यात परतला, त्यात त्याचं काय चुकलं? 2023 मध्ये आयोनाचे कोच रिक पिटिनोही सेंट जॉन्स या दुसऱ्या कॉलेजला निघून गेलेच होते. पण पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची, हे किती दिवस चालायचं? फुटबॉलमध्ये करार चालू असताना खेळाडू विकला गेला, तर फिफाच्या नियमानं ट्रान्सफर फीमधला 5 टक्क्यांपर्यंतचा वाटा, 12 ते 23 या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना जातो. गावातल्या छोट्या क्लबलाही. अमेरिकेत कॉलेजं आता खेळाडूंना पगारासारखे पैसे देताहेत. मग फ्लोरिडानं क्लेटनला जे दिलं, त्यातला टक्का-दोन टक्के इतकी वेगळी रक्कम आयोनाला द्यायला काय हरकत आहे? मुलाच्या खिशातून नाही, कॉलेजच्या तिजोरीतून. त्या पैशात छोटं कॉलेज आणखी एक सहायक कोच ठेवेल, पुढचा क्लेटन शोधेल.

हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. जर्सी सिटीकरांनो, एका संध्याकाळी पोरांना घेऊन मोरांचा सामना बघायला जा. जिम लहान आहे, खेळाडूंच्या बुटांचा आवाजसुद्धा ऐकू येईल. आणि कुठला खेळाडू आवडला ते खाली लिहून कळवा.