तिचा पगार कोण देतं?

(अमळनेर येथील एका व्याख्यानातील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पैसे घेऊन तलवार चालवणारी बाई सध्या फार खपते. काळोख्या अद्भुतकथांमध्ये तर ती ठरलेलीच. गालावर वण, पाठीला दोन तलवारी, कोणावर विश्वास नाही, आणि दर प्रकरणात एकदा तरी 'मी चांगली बाई नाही' असं ती कोणाला तरी ऐकवणार. आपल्या भागातली पोरंपोरीही आता अशा कथा लिहितात. मला त्या आवडतात. तक्रार एवढीच, की या बाईला पगार कोण देतं ते चाळीस पानं उलटली तरी कळत नाही. एखाद्या सराईमध्ये कोणीतरी पैशांची पिशवी फेकतो, ती झेलते, मिटला व्यवहार. अहो, गोष्ट तर त्या पिशवीपासून सुरू व्हायला हवी!

ही लढवय्यी तशी जुनी. सी. एल. मूर या अमेरिकन लेखिकेने 1934 मध्ये जिरेल उभी केली. पण जिरेल भाडोत्री नाही, आपल्या गढीची मालकीण आहे. गढी जिंकणाऱ्याला मारण्यासाठी हत्यार आणायला ती पाताळात उतरते, आणि तो मेल्यावर तिला कळतं की आपला जीव त्याच्यावरच जडला होता. मला तो शेवट पटत नाही. असो.

पक्की पगारी बाई भेटते ती ज्यो अ‍ॅबरक्रॉम्बी या इंग्रज लेखकाच्या 2009 च्या कादंबरीत. मॉन्झा मर्काटो. शेतकऱ्याची पोर. बाप गेल्यावर धाकट्या भावाला हाताशी घेऊन शेत करते. शिपाई येतात आणि हाताशी आलेलं पीक जाळून जातात. पुढे हीच पोर भाडोत्री फौजेची सेनापती होते आणि दुसऱ्यांच्या मुलखात तेच करत फिरते. तिने इतक्या लढाया जिंकून दिल्या की धन्यालाच तिची धास्ती वाटायला लागते. तो भावाला मारतो, हिला डोंगरावरून खाली टाकतो, आणि उरलेली कादंबरी म्हणजे सात माणसांवरचा सूड. बहुतेक वाचकांना सूड लक्षात राहतो. मी कापसावर वाढलेला माणूस. मला ते जळकं पीक लक्षात राहतं. लेखकाने त्याचा माफीनामा केलेला नाही, हे विशेष. आपले नवे लेखक नेमके तिथे घसरतात. लहानपणी गावाने छळलं, म्हणून आता ही गळे कापते. वाचकाने हळहळायचं आणि सोडून द्यायचं. मग ती सोज्वळ नायिकाच झाली की, फक्त कपडे काळे.

मॉन्झाच्या जगाचा साचा प्रबोधनकाळातल्या इटलीचा आहे. तिथली नगरराज्यं सेनापती कराराने ठेवायची. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार गडी ठरतो ना, वर्षाचे किती, दादर ज्वारी किती पोती, उचल किती, अगदी तसं: माणसं किती, महिने किती, लूट कोणाची. आणि उचल घेऊन दुसऱ्या मळ्यात गेलेला सालदार आपण पाहिलाय, तसे सेनापतीही जायचे. जॉन हॉकवुड नावाचा इंग्रज आधी पोपच्या पदरी होता. 1377 मध्ये चेसेना शहरात कत्तल झाली, तिच्यात त्याचा हात होता. पुढे तो फ्लॉरेन्सच्या चाकरीत मेला, आणि त्या शहराने आपल्या मुख्य चर्चच्या भिंतीवर घोड्यावर बसलेला हॉकवुड रंगवून घेतला. आजही आहे.

हिशेब मराठी फौजांतही होताच. स्वार दोन तऱ्हेचे: बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदाराची रोजी बुडाली. म्हणून शिलेदार नको तिथे घोडा घालायला कचरायचा, अशी तक्रार तेव्हापासूनची आहे. लिहिणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? तुमची नायिका खिंडीत अडकलेल्या पोरांना वाचवायला जात नाही. का? काळीज दगडाचं म्हणून नाही. घोडी नवी आहे आणि सावकाराचे पैसे फिटायचे आहेत. आता वाचकाने ठरवावं ती कशी बाई आहे ते.

कल्पना बाजूला ठेवा, खरी बाई घ्या. बेगम समरू. दिल्लीतली फरझाना नावाची पोर, वॉल्टर राइनहार्ट या भाडोत्री सरदाराबरोबर गेली. 1763 मध्ये पाटण्याला इंग्रज कैद्यांना कापणारा तो हाच. तो 1778 मध्ये मेला आणि पलटणी हिने ताब्यात घेतल्या. मेरठजवळच्या सरधन्याची जहागीर तिने चांगली राखली, शेती पिकवली, मोठं चर्च बांधलं. आणि दोन दासींना फटके मारून जिवंत पुरल्याची हकीकतही कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने तिच्याच नावावर लिहून ठेवली आहे. 23 सप्टेंबर 1803 ला, आपल्या अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असईला शिंद्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे मोडली. बेगमेच्या पलटणी शिंद्यांच्याच बाजूला होत्या, पण छावणीचं सामान राखायला. त्या बऱ्याचशा शाबूत निघून गेल्या. बेगमेने इंग्रजांशी जमवून घेतलं आणि 1836 मध्ये मरेपर्यंत जहागीर भोगली. असं पात्र मी रचलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जरा अतीच होतंय.

आणखी एक. काळोख हवा म्हणून आपल्या कथांत डाकीण सर्रास येते. सातपुड्यात डाकीण ठरवून खऱ्या बाया मारल्या गेल्यात, गावाबाहेर काढल्या गेल्यात. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही झाला. आणि पुष्कळदा त्यामागे जमिनीचा वाद निघतो. तेव्हा डाकीण आणायचीच असेल तर तिच्या शेताचा बांध दाखवा, तिला मारायची सुपारी देणारा दीर दाखवा. आणि ती सुपारी आपल्या नायिकेला घेऊ द्या.

आता घरचं. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर. एकेकाळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. 6 जानेवारी 1818 ला होळकरांनी मंदसौरला तह करून इकडचा मुलूख इंग्रजांना सोडला. फेब्रुवारीच्या शेवटी इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज थाळनेरच्या किल्ल्यासमोर उभी राहिली. आत शिबंदी, म्हणजे किल्ला राखणारे पगारी शिपाई, तीत अरब पुष्कळ. बोलणी चालू असताना काही इंग्रज अधिकारी दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या लहान दारातून, आत गेले, कोणाला कोणाचं समजेना, आणि आतल्यांनी तलवारी चालवल्या. मग बाहेरची फौज घुसली आणि शिबंदी जवळजवळ सगळी कापली गेली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. त्यावरून इंग्लंडच्या संसदेतही बोललं गेलं.

धन्याने मुलूख आधीच लिहून दिलेला. मग ही माणसं लढत होती कोणासाठी? माझी नायिका मी त्या दिंडीपाशी उभी करीन. हाताखाली चाळीस माणसं, पगाराची तलब तुंबलेली, दिंडीचा अडसर हिच्या ताब्यात. आदल्या रात्री ती बाहेर निरोप धाडते: आमची थकबाकी द्या, आम्हाला नदीकडून जाऊ द्या. अरबांचं ती बोलत नाही. त्यांची भाषा तिला येत नाही, आणि माणसं वाढली की वाटा कमी होतो. सकाळी ती अडसर काढते आणि चाळिसांना घेऊन तापी उतरते. मागे काय होतं ते मी सांगितलंच. पलीकडच्या काठावर ती पैसे वाटते, कोणाची दमडी बुडवत नाही, जखमी पोराला दोन रुपये जास्त देते. तिच्या माणसांना ती देवमाणूस वाटते, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

मागून एक ताई विचारताहेत, तिला शेवटी शिक्षा होते का? नाही ताई. बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला 1819 च्या एप्रिलपर्यंत इंग्रजांच्या हाती पडला नव्हता. तिथे अजून शिबंदी लागत होती.