परदेशात राहून मराठीत लिहायचं तर : बालपुस्तकं, पालकत्व, कर्तबगार बाया

मंडळी, राम राम.

मराठी मासिकांत आणि पुरवण्यांत लिहू पाहणारे बहुतेक याच तीन विषयांकडे वळतात. कौतुकाचे लेख संपादकाकडे ढिगानं येतात, त्याला हवा असतो तपशील.

बहिणाबाईंचंच घ्या. जन्म १८८०, आसोदे. निधन १९५१, आणि कवितासंग्रह आला १९५२ मध्ये. ‘शाळा न शिकता कविता केल्या’ इथेच बरेच लेख संपतात. पण ओव्या कागदावर आल्या कशा? त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ ऐकून उतरवून घेत, म्हणून. लेखाचा खरा धागा तिथे आहे. आणि त्यांच्या भाषेला सरसकट अहिराणी म्हणू नका. ती लेवा गणबोली, म्हणजे तिकडच्या लेवा पाटीदार समाजाची बोली. जळगावकडचा वाचक तेवढ्यावरून लेख बाजूला ठेवतो, आणि बरोबरच करतो.

आजच्या बाईवर लिहिताना ‘जिद्द’ हा शब्द टाळता आला तर पाहा. समजा, रावेरकडची बाई केळीचे वेफर्स विकते. पहिलं भांडवल किती, बचत गटाचं की माहेरचं? हप्ता किती? ती तळणीवर असते तेव्हा लेकरू कोणाकडे? घाणा कधी वाया जातो? केळं थोडं पिकायला लागलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि वेफर्स काळपट पडतात, म्हणून माल हिरवाच लागतो. हे तिच्याच तोंडून आलं, की तिची हुशारी वेगळी सांगावी लागत नाही.

फोनची वेळ तिच्या सोयीची ठेवा. बहुधा तिकडची रात्र, जेवणं उरकल्यावर. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईला निरुपयोगी होतो.

पुस्तक परिचय साधारण ५०० शब्दांत बसवा. चित्रपुस्तक आधी मोठ्यानं वाचा, शक्यतो मुलासमोर. पान उलटताना काय लपवलंय? शब्दांत नसलेलं चित्रात काय आहे? ते लिहा, शेवट मात्र फोडू नका. चित्रकाराचं नाव हमखास राहतं. वयोगट, पानं, किंमत आणि प्रकाशकही द्या. मुखपृष्ठ प्रकाशकाकडून मागवा. आतल्या पानांचे फोटो परस्पर छापायला देऊ नका, चित्रांचे हक्क वेगळे असू शकतात.

पालकत्वावर थोडक्यात. मुलाचं खरं नाव आणि शाळा नको, तो मोठा होऊन ते वाचणार आहे. आकडा दिला तर पूर्ण द्या. ‘स्क्रीन कमी करा’ यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस सांगा : दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी तितकं बरं.

मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरं फुटतात. दिवाळी अंकासाठी जून-जुलैतच विचारा. एकच लेख एकाच वेळी दोघांना नको. हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घ्या. करारात ते नसेल, तर भारतीय कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारतापुरता धरतो. मानधनाचं मात्र लेख पाठवण्याआधीच विचारा.