ऑपरेशननंतर तोंड किती उघडतं?

या काड्या बघा. आइस्क्रीमच्याच, लाकडी, चपट्या. एकावर एक रचायच्या, दाढांच्या मधे हळूच सरकवायच्या, ताण जाणवला की थोडा वेळ तशाच धरायच्या आणि जमेल तसं एकेक काडी वाढवत न्यायची. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला फिजिओथेरपिस्ट हा व्यायाम देतात, आणि खरं सांगतो, पुढे घास कसा जाणार हे बऱ्याच अंशी यावरच ठरतं.

कारण ऑपरेशन आणि रेडिएशननंतर चावायचे स्नायू कडक होत जातात. तोंड पूर्ण उघडूनही वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर 35 मिलिमीटर किंवा त्याहून कमी झालं की डॉक्टर त्याला ट्रिसमस म्हणतात. घरच्या घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. नाही गेली तर भाकरी खाता येत नाही, ब्रश फिरत नाही, आणि आत परत काही उगवलंय का हे डॉक्टरांना नीट दिसतही नाही. गुटखा-सुपारीवाल्यांचं तोंड तर बऱ्याचदा आधीपासूनच आवळलेलं असतं.

आणि लोक नेमके इथेच चुकतात, रेडिएशन संपलं की काड्या कपाटात जातात, पण हा कडकपणा नंतरही कितीतरी महिने वाढत राहू शकतो.

तसंच खांद्याचं. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस वाचली तरी दुखावू शकते, मग केस विंचरायला, शर्ट घालायला हात वर जात नाही. घरचे मायेनेच म्हणतात, हलवू नकोस, आराम कर. आणि खांदा अजूनच आखडतो.

चालण्याचंही सांगायला हवं. ट्रीटमेंटमधला थकवा झोपून जात नाही, झेपेल तेवढं चालल्याने तो कमी होतो. 2025 मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या 889 पेशंटचा अभ्यास आला, केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे 90 टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांत 83. तोंडाच्या कॅन्सरला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण व्यायामाला फालतू समजणाऱ्यांना हे नक्की दाखवा.

ताप असेल, प्लेटलेट्स कमी असतील, आजार हाडात गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि डिस्चार्जच्या गडबडीत औषधांची यादी घेताना फिजिओची चिठ्ठीही मागून घ्या, कोणी आपणहून दिली नाही तरी.