पाचर, प्रेस नंबर चार

श्रोतेहो, नमस्कार.

4 मार्च जवळ आला की आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबडला, तिकडे सिन्नरला कारखान्यांच्या गेटवर हिरवे-पांढरे फलक लागतात. 1966 साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा सुरक्षा दिन आणि त्याला जोडून सप्ताह. शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, पहिल्या नंबराला स्टीलचा डबा मिळतो. डबाच का, हे मला नोकरीभर कळलं नाही. ज्याच्या हातात रोज घरचा डबा असतो, त्याला आणखी एक डबा! त्यापेक्षा मापाचे बूट द्या हो. सात नंबरचे सेफ्टी शूज मागितले की स्टोअरमधून नऊ नंबरचे येतात आणि माणूस दिवसभर फटक-फटक करत मशीनवर उभा. असो.

आजचा विषय आहे कारखान्यात साहेब आणि कामगार, दोघांच्याही अंगी सुरक्षितता कशी मुरते हा. त्यावर व्याख्यान देत नाही, एका पाचरीची गोष्ट सांगतो.

मी इथल्याच एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देतात त्या विभागात, चार नंबरची प्रेस होती, शंभर टनी. अशा प्रेसला समोर दोन बटणं असतात, मध्ये हातभर अंतर. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच वरचा रॅम, म्हणजे दाब देणारा जड ठोकळा, खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर येतो. कारण उघड आहे. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे एकही हात डायमध्ये नाही. पुन्हा सांगतो, दोन्ही हात बटणांवर, म्हणजे डायमध्ये हात नाही.

एका दुपारी तिथून जाताना मला दिसलं की आप्पांचा उजवा हात बटणावर आहे आणि डावा थेट पत्र्यावर. सगळे त्यांना आप्पाच म्हणत. आणि प्रेस धाडधाड चालू! जवळ जाऊन बघतो, तर डाव्या बटणाच्या कवचात लाकडी पाचर मारलेली. बटण कायमचं दाबलेलं.

प्रेस थांबवली, पाचर उपसून हातात घेतली. श्रोतेहो, ती पाचर बघण्यासारखी होती. सागवानी, रंधा मारलेली, कडा घासून गोल केलेल्या, ओढायला सोपं जावं म्हणून मागे भोक पाडून सुतळी ओवलेली. घाईत खोक्याची फळी फोडून केलेलं काम नव्हतं ते. तसाच टूलरूममध्ये गेलो. तिथे फळीवर पाने, ॲलन की, हातोड्या, सगळं आपापल्या खुंटीला. एका रिकाम्या खुंटीखाली ऑइलपेंटने सुबक अक्षरात लिहिलेलं: 'पाचर, प्रेस नं. 4'.

म्हणजे बघा. टूलरूमने ती बनवली, तिला जागा दिली, सुपरवायझरने रोज पाहिली. आणि त्याच भिंतीवर वर मोठ्ठी पाटी, 'सुरक्षा प्रथम'.

मला वाटलं, आता आप्पांना मेमो. वर्क्स मॅनेजर आले. माणूस तापट, आवाज दुसऱ्या शेडपर्यंत जाणारा. त्यांनी पाचर उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "आप्पा, ही काढली तर काय होईल?"

आप्पा म्हणाले, "साहेब, ही काढली तर पत्रा कोण धरणार?"

खरंच होतं. त्या जॉबची पट्टी लांब, निम्मी डायबाहेर लोंबायची. डाव्या हाताने उचलून धरली नाही तर वाकडी बसायची, नग रिजेक्ट. साहेबांनी प्लॅनिंगवाल्याला बोलावलं. तासाचं टार्गेट ठरवायला स्टॉपवॉच लावलंत, तेव्हा पाचर होती का? तो खाली बघायला लागला. होती! म्हणजे टार्गेटच मुळी पाचर धरून बसवलेलं. दोन हातांनी ते कुणालाच जमलं नसतं.

त्या दिवशी डिस्पॅच होतं, ट्रक गेटवर उभा. तरी साहेबांनी टार्गेट उतरवलं. वेल्डरने पाइपचा स्टँड केला, वर रोलर बसवला, पट्टी त्यावर टेकली आणि आप्पांचा डावा हात मोकळा झाला. नंतर इलेक्ट्रिशियनने पॅनलमध्ये रिले, म्हणजे आपोआप चालणारा विजेचा स्विच, घातला. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबायची, दर ठोक्याला दोन्ही सोडायची, तरच पुढचा ठोका. आता पाचर मारली तर प्रेस हलतच नाही.

आप्पांना मेमो गेला नाही. पुढच्या आठवड्यात सात नंबरच्या प्रेसचा ऑपरेटर आपण होऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "साहेब, आमच्याकडंपण एक आहे. लोखंडी."

वेळ थोडा उरलाय, म्हणून मुद्द्याचं सांगतो. पाचर कुणी मारली हे नंतर विचारा, पाचर का लागली हे आधी विचारा. मेमोने सुरुवात केली असती तर ती लोखंडी पाचर मला कधी दिसलीच नसती. 1984 च्या भोपाळनंतर 1987 साली कारखाने कायदा सुधारला, तेव्हा धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली. तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येने. सारख्या संख्येने, बरं का! पण बैठकीत साहेबच बोलणार आणि बाकीचे बिस्किटं खाणार असतील, तर संख्या सारखी असून काय उपयोग?

आणि पाचरी फक्त कारखान्यात असतात असं नाही. 2021 साली आपल्या शहरात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीम निघाली. तेव्हा पंपावर मागच्याचं हेल्मेट मागून घेऊन टाकी भरणारे नाशिककर आपणच. पेट्रोल मिळालं, डोकं उघडंच. नाशिकचा माणूस हुशार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ही हुशारी चुकीच्या बटणावर खर्च होते, एवढंच.

मॅनेजर मंडळींना एक विनंती. राउंडला निघाल तेव्हा 4 मार्चला नका जाऊ, त्या दिवशी सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं. 30 तारखेला जा, रात्रपाळीला, डिस्पॅच अडलेलं असताना. कंत्राटावरच्या नव्या पोराच्या मशीनपाशी थांबा, कारण त्याला नाही म्हणायची सर्वांत जास्त भीती असते. आणि जाताना सोबत चार-पाच जणांचा लवाजमा नेऊ नका. साहेब गेटातून आत आले की ती बातमी शेवटच्या प्रेसपर्यंत त्यांच्या आधी पोचते.

नमस्कार.